मिसेस पर्लचं खरं नाव

माझ्या आईचं नाव मोझेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण तिच्याबद्दल जिथे जिथे छापून आलंय तिथे तिचं नाव मिसेस पर्ल आहे. हा उद्योग दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. पण केला माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, थर्मनने, आणि त्याबद्दल विद्यापीठाने त्याला डॉक्टर केलं.

डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारा नव्हे. आमच्या गल्लीत सुरुवातीला सगळ्यांचा तोच घोळ झाला. चर्चचे डीकन बिंगम सुजलेला गुडघा घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. थर्मनने त्यांना समजावलं, की मी शहरांतल्या राजकारणाचा डॉक्टर आहे. कुठल्या रंगाची, कुठल्या मुलखातून आलेली माणसं कुणाला मत देतात, का देतात. पोलिश काय करतात, इटालियन काय करतात, पोर्टो रिकोवाले काय करतात, आपण काळे काय करतो, हे मी शोधतो. डीकननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्हाला माहीत असलेलं आम्हालाच सांगणार. बरं, आणि गुडघ्याचं काय?"

आई मात्र हरखली होती. तिचा बाप अलाबामात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून मेला, आणि तिचा मुलगा पुस्तक लिहून बसला! पुस्तक घरी आलं तेव्हा तिने हात धुतले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी वाचायला बसली. चार-दोन पानं झाली आणि थांबली.

"ही पर्ल कोण रे?"

"तूच की, आई," थर्मन म्हणाला.

"मी? मग माझ्या नावाला काय धाड भरली?"

थर्मनने तिला नियम सांगितला. विद्यापीठात एक कमिटी असते म्हणे. ज्या माणसांशी बोलून अभ्यास करायचा त्यांची नावं बदलायची, जागेचंही नाव बदलायचं, म्हणजे त्यांना पुढे कुणी त्रास देणार नाही. आमचा सहावा वॉर्ड पुस्तकात एल्मवुड झाला होता. आमच्याकडे एल्मचं एक झाड नाही. रेल्वेचे रूळ आहेत, बंद पडलेला गाड्यांच्या ॲक्सलचा कारखाना आहे, चार चर्च आहेत आणि लाकडी घरं आहेत, निम्मी राहती, निम्मी खिडक्यांना फळ्या ठोकलेली.

"मला कोण त्रास देणार आहे?" आई म्हणाली. "माझं नाव माझ्या आजीने ठेवलंय. चांगलं नाव आहे ते."

"नियम आहे गं."

आणि गंमत बघा, लपलं कुणापासून? मतदानाच्या दिवशी पहाटे उठून कॅरॅमल केक करणारी आणि शाळेसमोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून, मत देऊन येणाऱ्या प्रत्येकाला तुकडा देणारी, मत न देणाऱ्याला "तुझ्या आजोबांना काय सांगशील रे वर गेल्यावर?" म्हणून हटकणारी बाई सहाव्या वॉर्डात एकच होती. पुस्तकात हे सगळं जसंच्या तसं होतं. वॉर्डातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. ओळखलं नाही ते फक्त लांबच्या लोकांनी, ज्यांनी ते पुस्तक विकत घेतलं.

मी तेव्हा फार बोलले नाही. मी शाळेच्या खानावळीत काम करायची, मोठी बहीण होते, आणि भाऊ मोठा होतोय याचा मलाही अभिमानच होता. खोटं कशाला बोलू? तासाभराच्या अंतरावरच्या राज्य विद्यापीठात तो प्रोफेसर झाला, केस पिकले, आणखी पुस्तकं आली. सगळ्यांत आम्हीच होतो. रविवारी जेवायला यायचा, आणि जेवता जेवता विचारायचा, "सिस, यंदा शाळा समितीला लोकांनी त्या रिव्हेरा बाईला का मत दिलं असेल?" मी सांगायची. महिन्याभराने तेच आकड्यांतून काढून दाखवायचा. मतपेटीत कुणी कुठला कागद टाकला हे कुणाला दिसत नाही ना, म्हणून कुठल्या बूथवर किती मतं पडली आणि तिथे कोण राहतं यावरून अंदाज बांधायचा, ही त्याची विद्या.

"मला विचारलंस तर मी नावानिशी सांगेन," मी म्हणायची.

"ते मानत नाहीत, सिस. त्याला पुरावा म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"ऐकीव."

घ्या. आयुष्यभर इथे राहिले ती ऐकीव.

आता फायर स्टेशनचं सांगते, कारण सगळं त्यापाशीच येतं. आमच्या मागच्या गल्लीत, कॅलोवे स्ट्रीटवर, विटांचं जुनं फायर स्टेशन होतं. बंब आगीला जायचाच, आमच्याकडे रिकामी घरं पेटायला काही कारण लागत नाही. पण इकडे कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं तरी आधी बंबच धावतो, आणि आमच्यासाठी ते स्टेशन म्हणजे कॅप्टन वॉझ्निक. आईची कंबर गेली होती आणि अंगाने ती भरभक्कम. पडली की मला एकटीला उचलणं शक्य नव्हतं. मी फोन करायची आणि रस्ता ओलांडून यावं तसा बंब यायचा. वॉझ्निक दारातूनच ओरडायचा, "काय मदर गेदर, पुन्हा जमिनीची चौकशी करायला गेलात?" गेदर आमचं आडनाव; चर्चमध्ये आईला सगळे मदर म्हणायचे, तोही म्हणायचा. तो पोलिश, रुळांपलीकडे राहणारा. त्याच्या गल्लीने आमच्या माणसाला आजवर कधी मत दिलं नाही, हे थर्मनने आकड्यांनिशी सिद्ध केलं होतं. पण वॉझ्निक राजकारण रेल्वेच्या फाटकापलीकडे ठेवून यायचा. आईच्या काखेत हात घालून तिला असा उचलायचा की तिला कधी लाज वाटली नाही. मग केक खायचा आणि जायचा.

शहराने ते स्टेशन बंद करायचा घाट आधीही घातला होता. दर वेळी आमच्या वॉर्डाचा नगरसेवक सभागृहात बोंब मारायचा, आम्ही चर्चच्या बसमधून जाऊन मागच्या बाकांवर बसायचो, आणि शहरवाले ठराव मागे घ्यायचे.

मग जनगणना झाली. कारखाना गेल्यापासून माणसं गेली होतीच. शहर म्हणालं, वॉर्ड कमी करायचे, नवा नकाशा काढायचा. नकाशा आला तेव्हा मी चर्चच्या तळघरात कॉफी ओतत होते. नगरसेवकाने तो भिंतीला चिकटवला. सहावा वॉर्ड नव्हताच. त्याचे तीन तुकडे करून तीन गोऱ्या वॉर्डांना शेपटीसारखे जोडले होते.

"म्हणजे आमचा नगरसेवक कोण?" डीकन बिंगमनी विचारलं.

"तिघं," तो म्हणाला.

"अरे वा, तीन तीन!"

"डीकन, तिघांचा म्हणजे कुणाचाच नाही. तुम्ही प्रत्येकाच्या वॉर्डात मूठभर. स्टेशनला कुलूप लागलं तर ओरडायची गरज कुणाला पडणार आहे?"

आई खुर्चीत बसून होती. ती एवढंच म्हणाली, "मग मी पडले की कोण येणार?" लोक हसले. मी नाही हसले.

वकील मिळाली. डेल्फीन रोकमोर, दुसऱ्या राज्यातून आलेली, आमच्यासारखीच काळी, पन्नाशीची, जिभेला धार. तिने सांगितलं, कायदा आहे. काळी माणसं एकजुटीने मत देतात आणि गोरी माणसं एकजुटीने त्यांच्या माणसाला पाडतात, एवढं कोर्टात सिद्ध झालं तर असा वॉर्ड फोडता येत नाही. पण ते तुम्ही सांगून चालत नाही, तज्ज्ञाने सांगावं लागतं.

आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! आमच्या वॉर्डात तज्ज्ञ घरचाच होता. चाळीस वर्षांचं शिक्षण आता कामाला येणार होतं. त्या आठवड्यात आईने भेटेल त्याला सांगितलं, "माझा थर्मन कोर्टात बोलणार आहे."

थर्मन जीव ओतून कामाला लागला, हे मी कबूल करते. तीन मोसम त्याला झोप नव्हती. प्रत्येक बूथ, प्रत्येक निवडणूक त्याने उलटीपालटी केली. सुनावणीच्या आदल्या रविवारी मिस रोकमोर आमच्या स्वयंपाकघरात त्याची तयारी करून घ्यायला बसली. सरावापुरती ती शहराचा वकील झाली.

"प्रोफेसर, सहाव्या वॉर्डातले काळे मतदार एकजुटीने मत देतात का?"

"उपलब्ध आकड्यांवरून तसं दिसतं."

"हो म्हणा."

"आकड्यांवरून..."

"प्रोफेसर, हो म्हणा नुसतं."

"मिस रोकमोर, हे अंदाज असतात. मी अहवालात शेवटी एक पूर्ण भाग लिहिलाय, या पद्धतीच्या मर्यादा काय आहेत त्याचा. तो नसेल तर कुठलंही काम काम म्हणून धरत नाहीत. मी स्वतः विद्यार्थ्यांना त्यावरून नापास केलंय."

मिस रोकमोरने पेन खाली ठेवलं. आई केकवरचं कॅरॅमल पसरत होती. ती वळून म्हणाली, "अरे पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे, आई."

"तुला खात्री आहे ना?"

"मला आहे."

"मग हो म्हणायला काय होतं?"

"शपथेवर आहे मी. मला माहीत आहे आणि मी सिद्ध करू शकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"डोंबल वेगळ्या," मी म्हटलं. आईने मला डोळ्यांनी दटावलं. तिला शपथेचं पटलं होतं. खोटं बोलणारा मुलगा तिला नको होता, आणि तो खोटं बोलणारही नव्हता. इथेच आमचं सगळं अडलं.

कोर्टात आम्ही चर्चचे कपडे घालून गेलो. आईची टोपी जांभळी, एवढी मोठी की मागच्या बाकावरच्या माणसाला न्यायाधीश दिसेनात. थर्मन साक्षीला उभा राहिला. मिस रोकमोर विचारत होती तोवर झकास चाललं होतं. त्याने नकाशे दाखवले, आकडे सांगितले, मी कितीतरी वर्षं तोंडाने सांगत होते ते सगळं त्या भिंतीवर रंगीत होऊन उभं राहिलं. डीकन हळूच म्हणाले, "आमेन."

मग शहराचा वकील उठला. वयाने लहान, आवाज लोण्यासारखा. थर्मनच्या पुस्तकांची त्याने आधी तोंडभरून स्तुती केली.

"प्रोफेसर, तुमच्या अहवालाच्या शेवटी मर्यादा असा एक भाग आहे. तो तुम्हीच लिहिलात?"

"हो."

"त्यात तुम्ही लिहिलंय की हे आकडे अंदाज आहेत."

"या क्षेत्रातले सगळेच आकडे अंदाज असतात."

"म्हणजे तुम्ही चुकत असण्याची शक्यता आहे?"

थर्मनने चष्मा काढला. लहानपणापासूनची सवय, नीट विचार करायचा असला की चष्मा काढायचा. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. देवा, एकदा त्याला नाही म्हणू दे. आईने माझा हात धरला होता.

"संशोधनात ती शक्यता कधीच शून्य नसते," तो म्हणाला.

"धन्यवाद, प्रोफेसर. आणखी काही विचारायचं नाही."

मिस रोकमोरने पुन्हा उठून सावरायचा प्रयत्न केला. शक्यता किती कमी आहे, ते त्याने सांगितलं, अगदी व्यवस्थित सांगितलं, पण तोपर्यंत न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं होतं. दुपारनंतर शहराचा तज्ज्ञ आला. पश्चिमेकडच्या कुठल्याशा संस्थेतला. आमच्या वॉर्डात त्याने पाऊल टाकलेलं नव्हतं, हे त्याने स्वतःच सांगितलं. मिस रोकमोरने त्यालाही तेच विचारलं, तुम्ही चुकत असाल का? तो हसला आणि म्हणाला, "नाही." बस्स. एवढंच.

परतताना गाडीत मी फुटले.

"एक शब्द होता थर्मन. एक! जीभ झडली असती का तुझी?"

"मी खरं सांगितलं, सिस."

"त्याने काय सांगितलं?"

"त्याने खोटं सांगितलं. असं ठाम कुणीच सांगू शकत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला कळेल ते."

"कोण वाचणार आहे? न्यायाधीशांनी वाचलं का?"

आई मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अर्लीन, पुरे. त्याने शपथ पाळली." मग खिडकीबाहेर बघत राहिली.

निकाल वसंतात आला. मिस रोकमोरने फोनवर वाचून दाखवला. बरंच लांबलचक होतं, त्यात एक वाक्य असं होतं, की अर्जदारांच्या स्वतःच्या तज्ज्ञालाही आपल्या निष्कर्षांची पूर्ण खात्री देता आली नाही. ती म्हणाली, वर दाद मागू. मागितली. वरचेही तेच म्हणाले. सहावा वॉर्ड संपला.

फायर स्टेशनचा ठराव पुढच्याच हिवाळ्यात आला. आमच्या तिन्ही नगरसेवकांना मी स्वतः फोन केले. पहिल्याने सांगितलं, स्टेशन माझ्या हद्दीत येत नाही. दुसरा म्हणाला, स्टेशन माझ्या हद्दीत आहे पण ज्या घरांना त्याचा उपयोग ती माझ्या हद्दीत नाहीत. तिसऱ्याने फोन घेतलाच नाही. ठराव चर्चेविना मंजूर झाला. आम्ही बसमधून गेलो होतो, मागे बसलो होतो, पण या वेळी पुढे आमच्यासाठी ओरडणारं कुणी नव्हतं.

वॉझ्निक निरोप घ्यायला आला. नवं ठिकाण रुळांपलीकडचं, त्याच्या घराजवळचं. तरी त्याचं तोंड उतरलेलं.

"मदर गेदर, आता पडायचं नाही हं. मी लांब चाललोय."

"मग मी ठरवून पडते की काय रे?" आई म्हणाली. तिने त्याला अख्खा केक बांधून दिला.

आणि आई पडली ती रविवारी, चर्चमधून आल्यावर, भर दुपारी, स्वयंपाकघरात. या वेळी कंबर नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता, घाम फुटला होता, ती छातीवर हात दाबून म्हणाली, "अर्लीन, कुणीतरी बसलंय गं इथे." मी फोन केला. शेजारचे डीकन काठी टेकत आले. फोनवरची बाई म्हणाली बंब निघालाय, आणि निघाला होताच, कारण मला त्याचा भोंगा ऐकू आला. वॉझ्निकचा बंब. पण भोंगा जवळ येईना. एकाच जागी वाजत राहिला. डीकन खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मालगाडी उभी आहे फाटकावर."

आमच्याकडे हे नेहमीचंच. गाडी लांबलचक, पुढचं टोक यार्डात, शेपूट फाटकात, सिग्नल मिळेपर्यंत हलत नाही. शाळेला जाणारी पोरं डब्यांखालून वाकून जातात. बंबाला वाकता येत नाही. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि पलीकडून भोंगा ऐकत होते. आईलाही ऐकू येत होता. ती म्हणाली, "आला का तो?" मी म्हटलं, "आलाच बघ." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाली, "आला का?" तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

वॉझ्निक डब्यांच्या मधून चढून, उड्या मारून, औषधांची पेटी पाठीला लावून पळत आला. सगळं करून बघितलं त्याने. मग स्वयंपाकघराच्या जमिनीवर फतकल मारून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

हॉस्पिटलच्या डॉक्टरला, गोळ्या देणाऱ्या खऱ्या डॉक्टरला, मी विचारलं, वेळेवर आला असता तर वाचली असती का? तो म्हणाला, सांगता येत नाही. कपाळ माझं! जगात शिकलेला प्रत्येक माणूस एकाच शाळेत जातो की काय?

थर्मन अंत्यविधीला बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलता आलं नाही. मी जाऊन त्याला धरलं. माझा भाऊ आहे तो, आणि त्या दिवशी तो नुसता मोझेलचा मुलगा होता.

पण नंतर त्याने आमच्या खटल्यावर लेख लिहिला. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा कोर्टात कसा हरतो, त्यावर. तो म्हणे फार गाजला. त्याला मोठं बक्षीस मिळालं, विद्यापीठाने त्याच्यासाठी खास खुर्ची, म्हणजे मानाचं प्रोफेसरपद, काढलं, कुठकुठल्या शहरांत तो त्यावर भाषणं देत फिरला. मी टाळ्या वाजवायला गेले नाही. त्याने बोलावलं होतं.

परवा रविवारी आला. जेवला, ताट विसळलं, आणि टेबलावर बोटाएवढा रेकॉर्डर ठेवला.

"शेवटचं पुस्तक, सिस. एल्मवुडचं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. शेवट तुझ्याकडून ऐकायचाय."

"एल्मवुडचा शेवट."

"वॉर्डाचा. आईचा."

मी आईच्या खुर्चीत बसले होते. म्हटलं, "आई त्यात मोझेल असणार ना आता? आता तिला कोण त्रास देणार आहे?"

तो जरा घुटमळला. "पहिल्या पुस्तकापासून ती मिसेस पर्ल आहे गं. वाचक तिला त्याच नावाने ओळखतात. शेवटच्या प्रकरणात मिसेस पर्ल जाते."

"मग मोझेल कुठे गेली?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तुझंही नाव बदलावं लागेल. तू सांग, काय ठेवू? तुझ्या आवडीचं ठेवतो."

"मोझेल ठेव."

"सिस..."

"काय? माझं खरं नाव नाहीये ना ते. तुझा नियम पाळला की."

"तसं नाही चालत. ती खरी बाई आहे, ओळखू येईल."

"आहे?"

"होती," म्हणाला.

रेकॉर्डरवरचा लाल ठिपका जळत होता. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, मला वाटतं हे त्याला कितीतरी दिवस विचारायचं होतं, पुस्तकासाठी नव्हे, "सिस, स्टेशन चालू असतं तर आई वाचली असती?"

"हो," मी म्हटलं.

"खात्रीने?"

"खात्रीने. चुकायची शक्यता शून्य. वॉझ्निक चालत आला असता. लिही, अर्लीन गेदर म्हणते, वॉर्ड फोडला म्हणून स्टेशन गेलं, आणि स्टेशन गेलं म्हणून माझी आई मेली. लिही जसंच्या तसं."

त्याने लिहायला घेतलं. पेन कागदावर टेकवलं आणि थांबला. त्याचे डोळे भरले होते, पण हात त्याचाच होता, चाळीस वर्षं त्याच सवयीचा.

"असं नाही लिहिता येणार, सिस," तो म्हणाला. "'तिच्या मते' असं लिहावं लागेल."

मी उठून ओव्हनपाशी गेले. केक केला होता, आईच्याच पद्धतीने, कॅरॅमल जरा जास्त कडक झालं होतं. पुस्तकात मी नसणार, आई नसणार, सहावा वॉर्ड नसणार. जे झालं तेही झालेलं नसणार, कुण्या भलत्याच नावाच्या बाईला तसं वाटलेलं असणार. आणि हे सगळं ज्याने बघितलं, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो माझ्या टेबलाशी बसून रडत होता.

मी एक तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला. "खा," म्हटलं. "हेझल ठेव नाहीतर काहीही ठेव."

त्याने ते नाव लिहून घेतलं.